हत्तीला चहा विचारावा

“क्लेमंट, घरात हत्ती आला तर काय करायचं रे?”

हा आवाज हेस्टर मावशीचा. साठ वर्षं झाली, तरी इस्त्रीची वाफ नाकात गेली की तो अजून कानात येतो. मावशी टेबलावरची चादर इस्त्री करायची आणि इस्त्री जशी पुढेमागे जाईल त्या ठेक्यात, अर्धं बोलत अर्धं गात, स्वतःच उत्तर द्यायची :

घरात आला हत्ती बाई, हत्ती म्हणू नये,
चहा घेतो का पुसावं, सोंडेकडे बघू नये.

मावशीच्या घरातला हत्ती म्हणजे विल्फ्रेड काका. दर रविवारी ते गुत्त्यावरून यायचे आणि थेट जेवणाच्या टेबलाखाली झोपायचे. आम्ही सगळे पाय आखडून वर बटाटे खात असू आणि मावशी म्हणायची, “यंदा वाटाणा छान आलाय, नाही?” खालून घोरणं वाढलं की ती ‘वाटाणा’ हा शब्द जरा मोठ्यानं म्हणायची. बस, एवढंच. काका वारले तेव्हाही मावशी म्हणाली, “टेबलाखाली आता बरीच जागा झाली.” दुःख व्यक्त करण्याची आमच्याकडची हीच रीत.

पुढे मी क्लॅगडेलच्या शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवली आणि दर वर्षी फळ्यावर लिहिलं : ‘खोलीतला हत्ती’ – अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. अर्थ सोपा आहे. जी गोष्ट सगळ्यांना ढळढळीत दिसते आणि कुणीच बोलून दाखवत नाही, ती. तरी दर वर्षी निम्मा वर्ग ‘गुपित’ असं लिहायचा आणि मी लाल शाईनं अर्धा गुण कापायचो. गुपित एकालाच ठाऊक असतं. हत्ती सर्वांना ठाऊक असतो. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं संसारात पडू नये, असं मी वर्गात म्हणायचो. असं म्हणणाऱ्या त्या मास्तराची मला आता कीव येते.

झालं असं, की आमच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि मेरियलला काय द्यावं हे मला सुचत नव्हतं. मेरियल म्हणजे माझी बायको. त्याच सुमारास आमच्या मागच्या गल्लीतलं जुनं चॅपेल बंद व्हायचं ठरलं. त्या चॅपेलमधला ऑर्गन मेरियलचे वडील, जोसाया सग्डेन, पस्तीस वर्षं वाजवत होते. लग्न झाल्यापासून मेरियल त्या चॅपेलची पायरी फारशी चढली नव्हती. मी समजून चाललो, की बिचारीला वडिलांची आठवण सोसत नसेल. तेव्हा मनात आलं, त्या ऑर्गनची एखादी नळी मागून घ्यावी. छत्रीएवढी, चकचकीत. कोपऱ्यात ठेवली की शोभाही आणि आठवणही. माझा सगळा बेत तो एवढाच, छत्रीएवढा.

मी पाद्रीणबाई मिस ऑडी यांच्याकडे गेलो. त्यांनी नोंदवही काढली. नोंदवहीत लिहिलं होतं : ‘वाद्य, नग एक.’

“नळी देता येणार नाही, मिस्टर ॲक्रॉइड,” त्या हळहळून म्हणाल्या. “नग एक आहे. नगाचा तुकडा कसा देणार? द्यायचा तर अख्खा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय.”

“अरेरे,” मी म्हणालो, “वाईट वाटतं हो ऐकून.”

आमच्या गावात ‘वाईट वाटतं’ असं म्हणणं म्हणजे लग्नाला होकार देण्यासारखं आहे, हे माझ्या ध्यानात राहायला हवं होतं. मिस ऑडींचे डोळे पाण्यानं भरले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “देवानंच पाठवलं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. आता देवानं पाठवलेल्या माणसानं ‘नको हो, आमची खोली लहान आहे’ असं म्हणायचं कसं? मी म्हणालो, “जागा भरपूर आहे.”

आमच्या दिवाणखान्याची उंची आठ फूट. ऑर्गनची अकरा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोती नाकात घालायच्या आधी नाकच कापावं लागणार होतं.

आता शेजारी हॅलिवेल मैदानात उतरले. हे गृहस्थ रेल्वेत सिग्नल पाडण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यामुळे कशालाही ‘थांब’ किंवा ‘जा’ एवढंच म्हणायची सवय, आणि त्यातही ‘थांब’ ते विसरले होते.

“गड्या, वर फोडायचं कशाला?” कुंपणावर कोपरं टेकून ते म्हणाले. “खाली खण! तीन फूट खणलंस की बसला बाजा.”

“खाली पाण्याची मोठी नळी आहे.”

“मग वर फोड. चाळीस वर्षांत एक गाडी रुळावरून घसरू दिली नाही मी. तुझा बाजा काय चीज आहे!”

समोरच्या मिसेस क्रॅग यांचा सल्ला निराळाच. “बाजाला सर्दी होते हं,” त्या म्हणाल्या. “माझ्या आत्याच्या पियानोला झाली होती. शेवटपर्यंत तो नाकातून वाजायचा. रात्री लोकरीचं पांघरूण घालत जा.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं एक बरं असतं, शेळी मेली तरी उंट आपल्याच घरी परततो. ऑर्गन दारातून शिरेना म्हणून खिडकी चौकटीसकट काढावी लागली. खिडकीतून शिरला, तर कोच बाहेर काढावा लागला. कोच पावसात भिजला, म्हणून तो हॅलिवेलांच्या गाडीखान्यात गेला आणि तिथेच हॅलिवेल त्याच्यावर झोपू लागले. नऊ दिवस खिडकीच्या जागी ताडपत्री फडफडत होती. नळ्या एकशे बारा. मोठ्या जिन्यात उभ्या, मधल्या न्हाणीघराच्या टबात आडव्या, लहानसहान फडताळात मुरंब्याच्या बरण्यांमागे. एका नळीत आमच्या मांजरीनं बिऱ्हाड केलं. अंघोळीला टबात जागा नाही म्हणून मी नऊ दिवस मोरीपाशी उभं राहून अंग पुसत होतो, भिजलेल्या कोंबड्यासारखा.

या सगळ्यात मेरियल काय म्हणत होती? प्रश्न तोच तर आहे.

पहिल्या दिवशी ती बाजारातून आली. दारात पिशवी धरून उभी राहिली. खिडकी नव्हती. कोच नव्हता. आणि जिथे कोच असायचा तिथे तिच्या बापाचा ऑर्गन उभा होता, दात विचकून.

“चाळिसाव्या वाढदिवसाची भेट,” मी म्हणालो. “आपल्या लग्नाच्या.”

मेरियल बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “छान.” आणि स्वयंपाकघरात गेली.

चाळीस वर्षांत मी मेरियलचं ‘छान’ ऐकायला शिकलो होतो. टोपीला म्हटलेलं छान निराळं, पुडिंगला म्हटलेलं निराळं. हे छान मी पूर्वी एकदाच ऐकलं होतं, माझ्या आईनं दिलेल्या पडद्यांना. ते पडदे पुढे वर्षभरात तीनदा वाऱ्यानं उडून शेगडीत पडले होते. पण मी मनाची समजूत घातली. भरून आलं असेल, बापाची आठवण झाली असेल. माणसाला हवं ते ऐकू येतं. त्याला कान लागत नाहीत.

छताला भोक पाडायचं म्हणजे नगरपालिकेची परवानगी. अर्जात रकाने तीन : ‘बांधकाम’, ‘यंत्र’, ‘फर्निचर’. मी ‘फर्निचर’वर खूण केली. अर्ज परत आला : फर्निचरसाठी छत फोडता येत नाही. मी ‘यंत्र’वर खूण केली. परत आला : राहत्या घरात यंत्र बसवता येत नाही. ‘बांधकाम’वर खूण केली, तर ते पाहायला नगरपालिकेचे मिस्टर ट्रँटर स्वतः आले. सडसडीत, लाजाळू माणूस. ऑर्गननं खोली इतकी भरली होती, की त्यांना पट्ट्यांवरच्या झाकणाला गुडघे टेकवून बसावं लागलं. त्यांच्या डोक्यावर दोन नळ्या कानांसारख्या उभ्या. त्यांनी चहा घेतला. दुसरा कप घेतला. उन्हाळा लांबलाय म्हणाले. आमच्या बिस्किटांची कृती लिहून घेतली. जाताना ऑर्गनला वळसा घालता घालता त्यांची टोपी एका नळीच्या तोंडात अडकली. ती त्यांनी अशी हळूच काढली, जशी एखाद्या परक्या बाईच्या केसात अडकलेली काढावी. पण ऑर्गन हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. आठवड्यानं पत्र आलं : ‘सदर खोलीत पाहणी केली. खोली उबदार आहे. परवानगी आहे.’

हेस्टर मावशी असती तर तिनं त्या माणसाला पोटाशी धरलं असतं.

भोक पडलं. सगळ्यात उंच पाच नळ्या छतातून वर आमच्या निजायच्या खोलीत निघाल्या, बरोबर माझ्या उशापाशी. मी त्यांच्यावर झगा टांगू लागलो. मेरियल कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. “नळ्यांचा त्रास नाही ना होत?” मी विचारायचो. “छे, छान आहेत,” भिंत म्हणायची.

पाहुणे येत. ऑर्गनला वळसा घालून बसत. पावसाबद्दल बोलत. कुणी एक शब्द काढत नसे. आणि मेरियल हल्ली दिवाणखान्यात बसतच नसे. चहा आणायची, ठेवायची, आत जायची. आमच्या घरात पूर्वी एक गुणगुण असायची. ती काम करताना काहीबाही गुणगुणते, तिला स्वतःला पत्ता नसतो. जात्यावर दळण संपलं तरी कानात घरघर राहते ना, तशी ती गुणगुण चाळीस वर्षं माझ्या कानात होती. ऑर्गन आला आणि ती थांबली. घरात एवढा मोठा बाजा आला आणि घर मुकं झालं.

मला भीती वाटू लागली. विचारायचं धाडस होईना. समजा ती म्हणाली, नाही आवडला, तर? खिडकी, छत, कोच आणि माझी अब्रू, सगळं फोडून झालेलं. त्यापेक्षा हत्तीला चहा विचारावा हे बरं. मी ठरवलं, एकदा बाजा वाजला की तिला आवडेल. लग्नाच्या वाढदिवशी चार लोक बोलवू, मी वाजवीन. मला एका बोटानं एक भजन येतं, तेही निम्मं. पण भाव महत्त्वाचा.

आता वाजवायचं तर वारा हवा. जुन्या ऑर्गनला मागे भाता होता आणि भाता हलवायला लाकडी दांडा. मागची फळी पाहताना हॅलिवेल म्हणाले, “इथे सुतारानं पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्यात. पुसून रंग देऊ?” मी म्हणालो, “राहू द्या हो, मागे कोण बघतंय.” मी आयुष्यात दिलेला हा एकमेव शहाणा हुकूम, आणि तो आळसातून आलेला.

“आणि दांडा कुणी हलवायचा?” हॅलिवेल म्हणाले. “अडाणी काळ गेला तो. माझ्याकडे धूळ ओढायचं जुनं यंत्र आहे. त्याची मोटर उलटी जोडली की वारा ओढायच्या ऐवजी फुंकेल. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं काम त्यांनी अकरा दिवसांत पुरं केलं.

शनिवारी दुपारी चार वाजता मंडळी जमली. मिस ऑडी, मिसेस क्रॅग, हॅलिवेल, आणि मिस्टर ट्रँटरसुद्धा. ते बिस्किटांच्या ओढीनं आले असावेत. काकडीचे सँडविच, मलई, मुरंबा, शहाजिऱ्याचा केक. मेरियल ठेवणीतला निळा पोशाख घालून चहा ओतत होती आणि मी टायची गाठ आवळत होतो. हॅलिवेलांनी डाव्या हातानं बटण दाबलं आणि उजवा हात सिग्नल पडावा तसा खाली पाडला. मी ऑर्गनपाशी बसलो, बोट उचललं आणि अगदी डावीकडची पट्टी दाबली.

काय आवाज तो! खर्जातला, रुंद, पोटातून आलेला. कपबशा किणकिणल्या. माझे डोळे भरून आले. मी बोट उचललं.

आवाज थांबला नाही.

पुन्हा दाबली, उचलली. थांबला नाही. आत कुठेतरी झडप अडकली होती. सूर सुरूच, आणि एकाच पट्टीत. मी वळून पाहिलं. मंडळींनी सँडविच उचलले होते.

“यंदा स्ट्रॉबेरी बऱ्या आल्यात!” मिस ऑडी म्हणाल्या.

“अं?” मिसेस क्रॅग ओरडल्या.

“स्ट्रॉबेरी!”

“हो ना! माझ्या गोगलगायींनी खाल्ल्या!”

“उबदार आहे खोली!” मिस्टर ट्रँटर किंचाळले.

आणि मग, एखाद्या सणाला गुलाल उधळावा तशी, एकशे बारा नळ्यांच्या तोंडांतून राखाडी धूळ उसळली. यंत्राची पिशवी रिकामी करायला हॅलिवेल विसरले होते. त्यांच्या गालिच्याची बारा वर्षांची धूळ, कुत्र्याचे केस, नाताळातले सोनेरी कागदाचे कपटे, सगळं भुरभुर भुरभुर उतरू लागलं. मलईवर बसलं, चहात बसलं, मिस ऑडींच्या पांढऱ्या कॉलरवर बसलं. त्यांनी केकवरचा एक करडा गोळा काट्यानं किंचित हलवून पाहिला.

“खसखस का हो?” त्यांनी ओरडून विचारलं.

आणि खाल्ला. देवाशपथ सांगतो, खाल्ला. अशी माणसं आमच्या मातीतच निपजतात.

एवढ्यात ऑर्गनखाली ‘फट्’ झालं, जळका वास आला आणि आवाज गेला. अशी शांतता पसरली, की शहाजिरं पडलं तरी ऐकू यावं.

“काकडी छान कापलीये,” मिसेस क्रॅग म्हणाल्या.

मेरियलनं चहाची किटली खाली ठेवली.

“क्लेमंट,” ती म्हणाली, “हा बाजा फार मोठा आहे.”

खोलीनं श्वास सोडला. आणि मग सगळे एकदम सुटले. “मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, अवाढव्य आहे!” हे हॅलिवेल. “आत शिरताना मला वाटतं, गुडघे टेकावेत की काय!” मिस ऑडी. “माझ्या स्वप्नात येतो,” मिस्टर ट्रँटर म्हणाले आणि खदाखदा हसू लागले. मिसेस क्रॅग म्हणाल्या, “मी आपली सर्दीचं बोलत राहिले. आणखी काय बोलणार, बाई!” धुळीनं माखलेली ती चार माणसं पोट धरून हसत होती. हसत नव्हते दोघेच.

“तुला आवडला नाही,” मी म्हणालो.

“कधीच नाही,” मेरियल म्हणाली. “आठव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत दर रविवारी मी याच्या पाठीमागे होते. भाता मारायला. बाबा पुढे उजेडात, मी मागे अंधारात. वारा कमी पडला की बाबा टाच आपटायचे. मला हा बाजा ठाऊक आहे तो पाठीकडून.”

लोक हसायचे थांबले.

“मग इतके दिवस का नाही सांगितलंस?”

“तू नऊ दिवस अंघोळ केली नव्हतीस, क्लेमंट. इतक्या हौसेनं घाणेरडा झालेला माणूस मी पाहिला नव्हता. काय सांगणार?”

माझा चेहरा उतरला. “सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो,” मी म्हणालो. “छताचं भोक बुजवतो. पडदेही नवे आणू.”

पट्ट्यांवरची धूळ ती रुमालानं पुसत होती. एक पांढरी, एक काळी, सावकाश, जसं मुलाचं तोंड पुसावं.

“मागच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या,” ती म्हणाली. “पुसल्यास?”

“सुताराच्या? नाही. हॅलिवेल पुसत होते, मीच म्हटलं राहू द्या.”

“सुताराच्या नाहीत त्या,” मेरियल म्हणाली. मग तिनं स्टूल ओढलं. “दांडा शाबूत आहे?”

“आहे.”

“मग जा मागे.”

मागची जागा आठ वर्षांच्या पोरीच्या मापाची. मी अडुसष्टाव्या वर्षी पोट आत ओढून तिच्यात शिरलो आणि गुडघ्यांवर बसलो. डोळे अंधाराला सरावले तशा फळीवरच्या रेघा दिसू लागल्या. लांब, आखूड, लांब, आखूड. आखूड तेवढ्या पेन्सिलीनं गडद भरलेल्या. हुबेहूब पट्ट्या, दोन सप्तकं. आणि प्रत्येक पट्टीवर लाकूड गुळगुळीत, चकचकीत झालेलं, उंबरठा झिजावा तसं. एक हात दांड्यावर ठेवून दुसऱ्या हाताची बोटं बारा वर्षं तिथे फिरली होती, आवाज न करता.

मी एकतीस वर्षं ज्याचा अर्धा गुण कापत आलो, ती चूक मीच करून बसलो होतो. हत्ती तर सगळ्यांना दिसत होता. त्याच्यामागे गुपित होतं.

मी दांडा हलवला. भाता भरला. ती अडकलेली झडप खोकल्यासारखा आवाज करून मिटली. पलीकडे स्टूल करकरलं. मग एक सूर आला, चाचपडत. दुसरा. खऱ्या पट्ट्या लाकडाच्या फळीहून जड लागत असाव्यात. तिसरा सूर चुकला, चौथा सुधारला आणि मग भजन सरळ चालू लागलं, दोन्ही हातांनी, पायवाटेला लागलेल्या गाईसारखं, घर कुठे आहे ते ठाऊक असलेलं. माझ्या घामाच्या धारा लागल्या होत्या. आणि त्या सुरांच्या खालून, तिला पत्ताही नसताना, तीच ती गुणगुण येत होती.

मध्येच सूर थांबले.

“क्लेमंट,” फळीपलीकडून आवाज आला, “ऐकतोयस?”

“अगं, इथे दुसरं काय करणार?”

“बाबांना मी हे कधी म्हटलं नाही. अर्थर मुलगा, म्हणून त्याला शिकवलं, त्याला नको होतं तरी. मला भाता नव्हता मारायचा रे. मला वाजवायचं होतं.”